स्टिअरिंगमधली सवत

माझ्या नवऱ्याने मला जन्मात एकदाही हार घातलेला नाही. लग्नातसुद्धा नाही, कारण आमच्याकडे लग्नात मनगटाला पांढरे दोरे बांधतात. पण त्याच्या गाडीला दर उपोसथाला, म्हणजे विहारात जायच्या पवित्र दिवशी, मोगऱ्याचा ताजा हार असतो, खाली गुलाबाचे गोंडे लावलेला, आणि सोबत लाल सरबताची बाटली, वर नळी घालून. चौदा वर्षं बघत आलेय मी हे. जळते का, तर हो, जळते. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी लपवून काय करायचंय.

त्याचं नाव इन्था. वय सदुसष्ट. लांपांग शहराकडे जाणाऱ्या खिंडीच्या अलीकडे आमचं बान पोंग गाव आहे, आणि गावातल्या कुणाला शहरातल्या दवाखान्यात जायचं असलं की आधी इन्थाला फोन येतो. चोवीस वर्षांची जुनी राखाडी गाडी. म्हाताऱ्यांना हात धरून बसवायचं, मळमळणाऱ्याला आल्याचा तुकडा चघळायला द्यायचा, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला खड्डा यायच्या आधी सांगायचं, हे सगळं तो करतो. सगळं गाव त्याला लुंग इन्था म्हणतं, म्हणजे इन्थाकाका. मुलगी झाल्यापासून मी त्याला पो म्हणते, म्हणजे बाप. तो मला फोंग म्हणतो, माझं नाव फोंगचान. माणूस वाईट नाही. चांगला आहे म्हणूनच तर राग येतो, कारण ते चांगुलपण आधी गावभर वाटून होतं आणि तळाला उरलेलं माझ्या पानात पडतं.

ही खोड गाडीपासूनची नाही. आमचं लग्न झालं तेव्हा तो लांपांगात टांगा हाकायचा. घोडीचं नाव दोकचान. सकाळी उठला की आधी तिच्या मानेवरून हात फिरवायचा, तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचा, मग तोंड धुवायचा. काय पुटपुटायचा ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "तिचं नि माझं असतं काहीतरी." नवी नवरी मी, चुलीपाशी बसून हे ऐकत होते. त्या घोडीलाही सगळं कळत होतं. मी जवळ गेले की कान मागे टाकायची, आणि एकदा तर माझ्या दंडाला चावली. इन्था धावत आला आणि आधी तिचे दात बघितले.

दोकचान गेली तेव्हा तो तीन दिवस जेवला नाही. माझी आई गेली त्या दिवशी दोन्ही वेळा जेवला होता, आणि दुसऱ्या वेळी तिखट मागून घेतलं होतं. मी विसरलेले नाही.

त्यानंतर काही वर्षं तो दुसऱ्याची बस चालवायचा. मग शहरातल्या एका दलालाकडून त्याने ही गाडी घेतली, तेव्हाच दहा वर्षं जुनी होती. घेतली त्या दिवशी थेट विहारात नेली. म्हाताऱ्या भिक्षूंनी आतून टपावर पांढऱ्या लेपाने ठिपके काढले, मंत्र म्हटले, आणि स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे हॉर्न दाबतात त्या कव्हरवर, सोन्याच्या वर्खाचा एक चौकोन लावला. झालं. त्या दिवसापासून मॅ यानांग त्या कव्हरवर येऊन बसली. मॅ यानांग म्हणजे गाडी सांभाळणारी देवी. ती होडीत असते, बसमध्ये असते, प्रत्येक चालणाऱ्या वस्तूत असते, आणि लोक तिला नमस्कार करून आपापल्या कामाला लागतात. आमच्या घरात मात्र ती सवत म्हणून आली.

आता मुख्य दुखणं सांगते. मी गाड्यांच्या सीट शिवते. खांबांवर उभ्या आमच्या घराखाली माझं दुकान आहे, मशीन आहे, फोमचे गठ्ठे आहेत, रेक्झिनचे बत्तीस रंग आहेत. तीस वर्षं झाली. स्टिअरिंगला चामडं चढवावं तर फोंगचाननेच, असं खिंडीच्या पलीकडचे लोकही म्हणतात. चाकावरची माझी शिवण अशी बसते की बोटाला लागत नाही. सरपंचाची गाडी, शाळेची व्हॅन, भिक्षूंची पिकअप, सगळीकडे माझे टाके आहेत. आणि माझ्या घरच्या गाडीत? सीट शिवायला परवानगी. दरवाजाचं रेक्झिन बदलायला परवानगी. स्टिअरिंगच्या मधल्या भागाला हात लावायचा नाही.

"ती तिथे बसते," इन्था म्हणायचा.

"बसू दे की. मी तिच्या अंगावर बसणार आहे का? कव्हर तेवढं बदलते."

"तिला विचारल्याशिवाय नाही."

"मग विचार."

"ती नको म्हणते."

कधी विचारलं, कसं विचारलं, काही नाही. ती नको म्हणते, संपलं. मी कधी काही नको म्हटलं तर ते इतक्या लवकर कुणी ऐकलं नव्हतं.

त्या कव्हरची दशा काय झाली होती म्हणून सांगू. इन्था घरातून निघाला की तीनदा हॉर्न वाजवतो, विहाराच्या फाटकाला तीनदा, मोठ्या पिंपळाला तीनदा, जिथे कुणी अपघातात गेलंय आणि लोकांनी राखणीला झेब्र्यांचे पुतळे मांडलेत अशा चार वळणांना तीन-तीनदा, आणि खिंडीतल्या देवाच्या ठाण्याला तर थांबून, मान लववून, तीनदा. सगळे ड्रायव्हर ठाण्याला वाजवतात, पण हा एका खेपेला आठ ठिकाणी वाजवतो. आणि नेहमी एकाच जागी, उजव्या अंगठ्याने. चौदा वर्षांत त्या जागी अंगठ्याएवढा खळगा पडला, मग त्याला भेग गेली. बाकीचं कव्हर उन्हाने चिकट झालं होतं, वरून दर नव्या वर्षाला लावलेला वर्ख, त्यात धूळ. हात लावला की बोटाला काळंसोनेरी काहीतरी लागायचं. माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक बाहेर उभी असलेली ती गाडी बघायचं आणि विचारायचं, "पा फोंग, ही कुणाची?" पा म्हणजे मावशी. मी म्हणायचे, "माहीत नाही बाई."

मागच्या ऑगस्टमध्ये ते कव्हर अडकलं. इन्था म्हाताऱ्या मूनला घेऊन चालला होता, मूनला छातीचं दुखणं. खिंडीतल्या ठाण्यापाशी पहिला हॉर्न झाला, दुसरा झाला, आणि तिसरा थांबेचना. भेगेतून कव्हर आत दबलं ते वर आलंच नाही. उरलेला अख्खा घाट गाडी ओरडत उतरली. पुढचे ट्रक बाजूला झाले, एका लग्नाच्या वऱ्हाडाने वाट दिली, मागे बसलेला मून छातीवर हात ठेवून म्हणत होता, "लुंग, मला एवढी घाई नाही." दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याला वाटलं कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय, त्याने स्ट्रेचर आणला. शेवटी इन्थाने हॉर्नचा फ्यूज उपटला.

त्यानंतर गाडी घरी उभी राहिली. हॉर्नशिवाय ठाण्यावरून जायचं नाही, हा त्याचा नियम. गावातली माणसं फोन करत होती, हा नाही म्हणत होता आणि ओट्यावर बसून गाडीकडे बघत होता. त्याच्या पानातला चिकट भात तसाच वाळत होता. दोकचान गेली तेव्हाचं त्याचं तोंड मला आठवलं, आणि मला धास्ती वाटली. गाडी बंद झाली तर हा माणूस घरात बसून बसून संपून जाईल, हे मला दिसत होतं.

तरी मी गप्प होते. तो मला येऊन विचारेल याची वाट बघत होते. घराखाली बायको याच कामात तीस वर्षं घालवतेय, तर माणूस कुणाला विचारेल?

त्याने सायबुआला विचारलं.

सायबुआ म्हणजे दवाखान्याच्या फाटकाबाहेर हार विकणारी विधवा. माझ्याहून वयाने जेमतेम चार वर्षांनी लहान, पण इन्थाला लुंग म्हणते, म्हणजे स्वतः कोवळी ठरते. चौदा वर्षांचे हार तिच्याच हातचे. इन्था पिकअपमधून लिफ्ट घेऊन शहरात गेला, तिच्या टपरीपाशी तासभर बसला आणि संध्याकाळच्या आत प्रसन्न तोंडाने परत आला.

"सायबुआ म्हणते, देवीला नवं वस्त्र हवंय. म्हणून तिने हॉर्न धरून ठेवला."

"असं?" मी मशीन थांबवलं.

"तिचा भाचा कव्हरं विकतो. वरून चिकटवायचं. चकचकीत, खडे लावलेलं. जुन्याला हातच लावायचा नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या कव्हरमागे एअरबॅग असते, तिच्यावर खडे? गाडी ठोकली की ते खडे कुठे जातील माहितीये? तुझ्या डोळ्यांत जातील. सायबुआला फुलं ओवता येतात तेवढी ओवू दे."

"तू तिच्यावर उगाच चिडतेस."

"मी तिच्यावर नाही चिडत. तुझ्यावर चिडतेय. चौदा वर्षं मी कव्हर बदलते म्हणतेय तर देवी नको म्हणते, आणि सायबुआचा भाचा म्हटलं की तिला लगेच नवं वस्त्र पाहिजे? ही देवी बोलते कुणाच्या तोंडून, पो? मला कळू दे."

 तो हळू म्हणाला, "तिला विचारू. तुझ्या हातून चालेल का, असं विचारू. तांदळाने."

तांदळाने विचारायचं म्हणजे चिमूटभर तांदूळ घ्यायचे आणि जोड्या लावायच्या. सगळे जोडीने बसले तर देवीचा होकार, एक दाणा उरला तर नकार. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्थाने गाडीपुढे उदबत्त्या लावल्या, सरबत ठेवलं, आणि चिमूट मी घेतली, कारण प्रश्न माझा होता. पितळेच्या ताटलीत दाणे टाकले. इन्था डोळे बारीक करून जोड्या लावत होता, पण त्याच्या आधी मी लावून झाले होते. एक दाणा उरत होता.

नकार. सरळ नकार. माझ्याच घरात, माझ्याच ताटलीत, मला.

माझ्या करंगळीच्या नखाखाली एक दाणा अडकला होता. अडकला होता असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले, पण खरं सांगायचं तर मी तो आधीच तिथे ठेवला होता. हात ताटलीवरून फिरवला आणि दाणा पडला. इन्थाने शेवटची जोडी लावली आणि इतक्या आनंदाने माझ्याकडे बघितलं की मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी जिंकले होते.

तो म्हणाला, "जुनं कव्हर फेकायचं नाही. विहारातल्या पिंपळाखाली ठेवायचं, वर्खासकट."

"ठेवू."

"आणि काढताना मी तिथे नसेन. मला बघवणार नाही."

त्या वाक्याने माझा अर्धा आनंद करपला, पण मी गाडी घेतली.

एअरबॅग हे एकट्याने करायचं काम नाही. मी चामड्याची माणूस, वायरींची नाही. म्हणून टिकच्या गॅरेजात नेली. टिक चाळिशीचा, शांत, माझं काम जाणणारा. त्याने बॅटरीची तार काढली आणि अर्धा तास गाडीला हात लावू दिला नाही, आत साठलेली वीज उतरावी लागते म्हणून. तेवढ्यात आम्ही तांदळाचे वडे खाल्ले. मग त्याने स्टिअरिंगच्या मागचे दोन बोल्ट सैल केले आणि म्हणाला, "घ्या पा, काढा तुमच्या हाताने. इतकी वर्षं वाट बघितलीत."

मी दोन्ही हातांनी कव्हर धरलं आणि ओढलं. ते हलकं लागलं.

या गाडीत कव्हर आणि एअरबॅग एकाच तुकड्यात असतात. पुढे कव्हर, मागे घडी घातलेली पिशवी आणि ती फुगवणारा लोखंडी डबा. हातात आलं की वजन जाणवतं. माझ्या हातात आलं होतं ते भाताच्या रिकाम्या टोपलीएवढं होतं. मी ते उलटं केलं. मागे पिशवी नव्हती. डबा नव्हता. आवाज होऊ नये म्हणून फोमचा एक तुकडा कोंबला होता, सीटचा पिवळा फोम, बोथट पात्याने कापलेला. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी हे केलं होतं. वायरीच्या टोकाला टिकने बोट लावून दाखवलं, तिथे एक छोटा तुकडा जोडला होता, धोक्याचा दिवा लागू नये म्हणून गाडीला फसवायला.

"विकण्याआधीच कुणीतरी बॅग काढून घेतलीय," टिक म्हणाला. "पा, लुंग चौदा वर्षं रिकाम्या खोक्यावर घाट चढत-उतरत होते. कुणी उघडूनच बघितलं नाही."

कोण उघडणार? देवीची जागा ती.

मी गॅरेजच्या पायरीवर बसले.  चौदा वर्षांतला एक एक दिवस डोळ्यांपुढून गेला. पावसात घसरली होती ती गाडी, एकदा ब्रेक गेले होते, एकदा बांबूच्या ट्रकखाली जाता जाता राहिली. दर वेळी तो घरी आला, पाय धुतले आणि जेवायला बसला. मी म्हणायचे, नशीब. तो म्हणायचा, मॅ यानांग.

"लुंगना सांगायला पाहिजे," टिक म्हणाला.

"नाही सांगायचं."

"पा, उद्या काही झालं तर—"

"उद्या काही होऊ नये म्हणून तू खरी बॅग आणून बसवशील. पण त्याला फक्त कव्हर बदललं म्हणून सांगायचं. पुढे एक अक्षर नाही."

त्याला वाटलं इन्था घाबरेल म्हणून मी हे म्हणते. ते होतंच. पण दुसरंही होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. इन्थाला कळलं असतं की मागे काहीच नव्हतं, तर तो काय म्हणाला असता? म्हणाला असता, बघ, चौदा वर्षं तिने एकटीने मला राखलं. मग माझं काय राहिलं असतं? तो कायमचा तिचाच झाला असता. मी आधीच हरत होते, हे शस्त्र तिच्या हातात कशाला देऊ?

माझ्या किडलेल्या दातासाठी बाजूला ठेवलेले पैसे मी टिकला दिले. मागून ठोकल्या गेलेल्या त्याच बनावटीच्या एका गाडीतली न फुटलेली बॅग त्याने मिळवली, सगळी जोडणी तपासली, दिवा नीट लागतो-विझतो हे मला तीनदा दाखवलं. त्या बॅगेसोबत आलेलं कव्हर एकसंध होतं, पण सालपट निघालेलं. ते मी साफ केलं, रंगवलं. चामडं चढवलं नाही, टाकाही घातला नाही, कारण बॅग फुटताना कव्हर जिथे उलगडतं ती रेघ मोकळी ठेवावी लागते. जिल्हाभर ज्यासाठी माझं नाव घेतात ते टाके मी चाकाच्या कड्यावर घातले आणि मधल्या जागेवर स्वतःला आवरलं. नंतर इन्थाला बजावलं की वर्ख चालेल, पण इथे कसलाही ताईत चिकटवायचा नाही आणि हार आरशाला लावायचा.

त्याने नवं कव्हर बघितलं. बोट लावलं, आता बोटाला काही लागलं नाही. हॉर्न दाबला. स्वच्छ वाजला.

"आवडलंय तिला," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो म्हणेल, फोंग, छान झालंय.

डिसेंबरात घाटात धुकं उतरतं. एका सकाळी इन्था रुग्णाला शहरात सोडून एकटाच परत येत होता. ठाण्याला तीन हॉर्न देऊन पुढच्या वळणावर आला आणि तिथे बांबूने भरलेली एक पिकअप मधोमध बंद पडलेली, मागचे दिवे नाहीत. त्याने ब्रेक मारला, पण थांबली नाही.

टिकचा फोन आला तेव्हा मी कात्री हातात घेऊन उभी होते. त्याने आधी "जिवंत आहेत" म्हटलं आणि मग बाकीचं सांगितलं. भला माणूस.

दवाखान्यात इन्था खाटेवर बसला होता. नाक सोललेलं, मनगटाला पट्टी, छातीवर पट्ट्याचा निळा वळ. डॉक्टरीण म्हणाली, एअरबॅग उघडली म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर छाती चाकावर गेली असती. मी खाटेची कड धरली. इन्थाचे डोळे चमकत होते.

"फोंग, तिने पदर पुढे केला. मी बघितला. पांढराशुभ्र पदर. माझ्या तोंडापुढे धरला तिने."

दारात सायबुआ उभी होती, हातात हार. "मॅ यानांगची कृपा, लुंग. नव्या वस्त्राने देवी खूश झाली. मी म्हटलं नव्हतं?"

टिक माझ्याकडे बघत होता.  तो पदर मी आणला होता, माझ्या दाताच्या पैशांनी, आणि तो हार सायबुआ घेऊन आली होती. मी भाताचा डबा उघडला आणि इन्थाला भरवायला लागले, कारण त्याचा उजवा हात चालत नव्हता. सगळ्यांदेखत, घासावर घास, सायबुआ निघून जाईपर्यंत.

चार दिवसांनी मी टिकच्या गॅरेजात गेले. सायबुआकडून न घेता मीच एक हार ओवला होता, चामडं शिवायच्या पक्क्या दोऱ्यात. गाडीचं तोंड चेपलं होतं. स्टिअरिंगचं कव्हर रेघेवर बरोबर उलगडलं होतं आणि ती पांढरी बॅग खाली लोंबत होती. मी दार उघडलं, हार आरशाला लावला आणि हात जोडले. कधी नव्हे ते.

"दाणा मी टाकला होता," मी तिला म्हटलं. "तू नको म्हणालीस ते मला दिसलं होतं. मला वाटलं तुला मी नको आहे. आता वाटतं, आत काही नाही हे मला कळू नये म्हणून नको म्हणालीस. मागे काही नसताना चौदा वर्षं सांभाळलंस त्याला, ते मी मान्य करते. पण या खेपेला मी सांभाळलं. बॅग माझी होती. त्याने तुझं नाव घेतलं आणि मी गप्प बसले, कशी बसले ते माझं मला ठाऊक. हार तू घे, सरबत तू घे. पण तो माणूस माझा आहे, आणि हे तू विसरायचं नाही."

मागे कुणीतरी खाकरलं. इन्था होता, गळ्यात हात बांधलेला. तोही तिलाच भेटायला आला होता, हे वेगळं सांगायला नको.

"आत काही नव्हतं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. फोम, वायरीचा तुकडा, सगळं. दाण्याचंही. तो गाडीकडे वळला आणि त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे चौदा वर्षं ती एकटीच होती," तो म्हणाला.

आलं. ज्याला मी भीत होते ते वाक्य जसंच्या तसं आलं. मी पिशवी उचलली आणि चालायला लागले.

"फोंग." मी थांबले नाही. "फोंग, अगं, आणि तू कधीपासून?"

"ऑगस्टपासून," मी पाठमोरी म्हणाले. "दाताच्या पैशांनी. एका बाजूनेच चावतेय तेव्हापासून, तुला दिसलंही नाही."

 घरी आल्यावर तो दोन दिवस माझ्या मशीनपाशी येऊन बसायचा आणि जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुढची बॅग बसवताना तांदूळ नको. तूच बसव. मी तिथेच उभा राहीन." आणि माझा दात काढवून आणेपर्यंत त्याने टिकला गाडीला हात लावू दिला नाही. दातासाठी आम्ही दोघं बसने गेलो.

फेब्रुवारीत गाडी रस्त्यावर आली. पहिली खेप रिकामीच काढली, मी पुढे बसले होते. फाटक, पिंपळ, झेब्रे, त्याने नेहमीसारखे तीन-तीन दिले. खिंडीतल्या ठाण्यापाशी गाडी उभी केली, मान लववली, आणि अंगठा उचलून बाजूला घेतला. माझा हात धरला आणि नव्या कव्हरवर मधोमध ठेवला.

"तू वाजव."

छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने स्वतःहून माझा हात त्या जागेवर पहिल्यांदाच ठेवला होता. पहिला हॉर्न घाबरत दिला, दुसरा जरा बरा. तिसरा मी चांगला लांब दाबून धरला, ठाण्यासाठी नाही, आत बसलेल्या तिला ऐकू जावा म्हणून.